घोडेस्वारी शिकवायला शिकतेय: लंजिंग, पाढे आणि तोंड बंद ठेवण्याचा सराव

मागच्या नोंदीनंतर बरंच काही पुढे सरकलंय, त्यामुळे ही जरा लांबेल. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: घोड्यावर बसता येतं, आता शिकवण्याची रीतसर पात्रता मिळवायची आहे. पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात उस्तादांच्या हाताखाली मदतनीस म्हणून उभी राहते, आणि अभ्यासाला ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षांच्या पायऱ्या समोर ठेवल्यात. संस्था १९४७ची. पहिल्या पायरीवर फक्त निगा आणि बैठक, शिकवणं येतं दुसरीपासून, आणि पूर्ण कोच म्हणवून घ्यायला तिसरी पार करावी लागते. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की निगा, बैठक आणि शिकवणं या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासतात. आपल्याकडे ज्याची बैठक देखणी, तो दुसऱ्या दिवसापासून मास्तर!

निगेचा भाग आता हाताखालचा झालाय. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण खरी शाळा मोतद्दार मामांची, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांची. चंदी, म्हणजे दाणा, टाकल्यावर घोडा पहिला घास कसा घेतो यावरून ते त्याची तब्येत ओळखतात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात बिघडलं की ते वर येऊन मोकळं होणं नाही. म्हणून चंदी थोडी थोडी आणि गवत, कडबा भरपूर, यात मामा कुणाचंही ऐकत नाहीत. मालकाचंही नाही.

या काळातला सगळा जीव खाल्ला तो लंजिंगने, म्हणजे लांब दोरीवर घोडा आपल्याभोवती वर्तुळात फिरवण्याने. बघणाऱ्याला वाटतं माणूस मधे उभा आणि घोडा भोवती फिरतोय, त्यात काय शिकायचं? प्रत्यक्षात सारखा एक त्रिकोण सांभाळायचा असतो: एका बाजूला लंजची दोरी, दुसऱ्या बाजूला चाबूक, तिसरी बाजू म्हणजे घोड्याचं अंग, आणि टोकाला आपण. त्याच्या पोटाच्या रेषेत किंचित मागे उभं राहिलं की तो चालतो, पाऊलभर खांद्याच्या पुढे गेलं की थबकतो. चाबूक मारायला नसतोच. मागच्या पायांकडे रोखला की चल, जमिनीकडे झुकवला की निवांत. दोरी घड्या घालून हातात धरायची, हाताला वेढा कधीही द्यायचा नाही. घोडा उधळला तर घड्या एकेक करून सुटतात, वेढा मात्र आवळत जातो.

माझ्या वाट्याला आलाय रेसमधून निवृत्त झालेला एक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. मुंबई-पुण्याच्या रेस उजव्या हाताच्या, म्हणजे घड्याळाच्या दिशेने. उजवीकडे हा साहेब सुरेख फिरतो; डाव्या हातावर घेतला की खांदा आत टाकतो आणि वर्तुळाचं अंडं होतं. उस्तादांचा उपाय असा: खांदा आत आला की चाबकाचं टोक खांद्याकडे, आणि तो अर्धं पाऊल जरी बाहेर सरकला की त्याच क्षणी टोक खाली. सगळी मेख त्या 'त्याच क्षणी'त आहे. घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब सुटतो तेव्हा शिकतो. टोक दोन पावलं उशिरा खाली आलं तर सुटका कशाबद्दल मिळाली हे त्याला कळायला मार्ग नाही. हल्ली डाव्या हातावर पहिल्या काही फेऱ्या अंड्याच्याच असतात; मग आतला कान माझ्याकडे वळतो, मान लांब होते, नाकातून फुर्रर्र करून हवा सोडतो आणि दोरी हातात हलकी लागायला लागते. तिथून पुढे काम करण्यात मजा आहे.

जाता जाता एक तिखट मत. राउंड पेनमध्ये, म्हणजे गोल कुंपणात, घोड्याला पळवून पळवून शेवटी तो 'स्वतःहून' माणसाजवळ येतो, असे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. लांब गेलं की पळवतात, जवळ आलं की सोडतात, हा हिशेब घोड्याला चटकन कळतो. पद्धत वाईट नाही, पण ती प्रेम म्हणून विकू नये.

आता शिकवणं. उस्ताद साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त. "एडी नीचे, नजर सामने" ही त्यांची आरोळी ४० मीटरच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते. मला मात्र त्यांनी उलटंच सांगितलं: "पोरी, तू एक गोष्ट सांग आनि गप्प ऱ्हा. घोडा एक चक्कर फिरू दे की!" मग तसा सराव सुरू केला. एक सूचना, एक पूर्ण फेरी, मग पुढची. फार अवघड जातं, कारण मैदानात उभं राहिलं की चार गोष्टी एकदम दिसतात.

आमच्याकडे पन्नाशीच्या एक काकू येतात. दुडकीत, म्हणजे चालणं आणि दौड यांच्या मधल्या उसळत्या चालीत, त्यांची टाच वर जायची. टाच खाली, टाच खाली असं कितीही ओरडलं तरी ती खाली राहत नाही, कारण दुखणं टाचेत नसतंच. टाच वर जाते गुडघा आवळल्यामुळे, आणि गुडघा आवळतो भीतीने श्वास धरल्यामुळे. म्हणून त्यांना दुडकीत मोठ्याने पाढे म्हणायला लावले. "अगं, मी घोड्यावर बसायला आले की शाळेत?" असं म्हणत त्यांनी पंधराचा सुरू केला. पाढा म्हणताना श्वास धरता येत नाही. पंधरा चोक साठपर्यंत गुडघा सैल झाला होता आणि टाच आपली आपण खाली आली होती. मी ती फेरीभर एक शब्द बोलले नाही.

किशोरवयीन मुलांची तुकडी वेगळीच. हांगझोऊला २०२३च्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं (ठरलेल्या हालचाली घोड्याकडून सफाईने करून घेण्याचा प्रकार) भारताला सांघिक सुवर्ण आलं, घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं पहिलं, आणि त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून मुलांना पहिल्याच दिवशी ड्रेसाज हवं असतं. मी त्यांना रिकिबीचं, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचं, माप घ्यायला लावते: बोटं वर रिकिबीच्या पट्ट्याच्या मुळाशी, रिकीब काखेत. मग तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, तपासणं, आणि चार फेऱ्यांनी पुन्हा तपासणं, कारण काही घोडे तंग आवळताना पोट फुगवून धरतात. कुरकुर होते. होऊ दे.

नजरही तयार होतेय. दुडकीत खोगिरावर उठबस करताना स्वार योग्य पावलावर उठतो की नाही, म्हणजे घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाताना उठतो का, हे आधी मान वाकडी करून शोधावं लागायचं. आता दुसऱ्या मुलाशी बोलता बोलता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं.

शिल्लक काय? प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, आणि तुकडीला जमिनीवर आडव्या मांडलेल्या दांड्यांवरून, म्हणजे पोलवरून, नेणं. पोलचं अंतर मोठ्या घोड्याला दुडकीसाठी साधारण १.३ ते १.४ मीटर, पण आमच्या तुकडीत तो लांब टांगांचा थरोब्रेड आणि बुटकी काठियावाडी घोडी एकत्र असतात. एकाला जमलेलं अंतर दुसरीला उडी वाटतं. तूर्तास दोन रांगा वेगळ्या मांडायचं ठरलंय, आणि मोतद्दार मामांनी पोल उचलायला पोरं द्यायचं कबूल केलंय. एकाच रांगेत दोन्ही मापं कुणी बसवली असतील तर नक्की सांगा. मैदान २० मीटरच रुंद आहे.