रिकाम्या वाटीचा आलेख

एम.टेक.च्या प्रोजेक्टचा विषय ऐकला तेव्हा वाटलं, हे तर सोपं आहे. काचेवर सोन्याचे दोन कंगवे उमटवायचे, दात एकमेकांत गेलेले पण कुठेही न टेकणारे. वर बारकीशी वाटी चिकटवायची आणि तिच्यात पेशी वाढवायच्या. पेशीच्या आवरणातून वीज सहजी जात नाही, त्यामुळे पेशी सोन्यावर पसरली की विजेचा रस्ता अडतो. रोध वाढला म्हणजे पेशी बसली. भौतिकीचं नोबेल मिळालेले आयव्हर गिएव्हर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स कीस यांनी १९८४ सालीच हे दाखवलं होतं. मला फक्त चिप करायची होती.

कंगव्याचा दात १० मायक्रॉनचा, फटही तेवढीच. डोक्याचा एक केस यात चारपाच दात झाकून टाकील. पहिल्या खेपेला सोनं स्पटर केलं, म्हणजे आयनांच्या माऱ्याने त्याचे अणू उडवून काचेवर बसवले. त्यात धातू रेझिस्टच्या, म्हणजे फटींच्या जागी आधी दिलेल्या तात्पुरत्या लेपाच्या, उभ्या कडांनाही चिकटतो, त्यामुळे अ‍ॅसिटोनमध्ये रेझिस्ट निघताना सोन्याच्या झालरी मागे राहिल्या. मल्टीमीटर लावला, तर नऊपैकी सात चिपा शॉर्ट. दुसऱ्यांदा सोनं बाष्पीभवनाने चढवलं. ते वरून सरळ खाली बसतं. खाली क्रोमियमचा पातळ थर दिला, नाहीतर सोनं काच धरतच नाही.

पुण्याच्या एनसीसीएस या पेशीसंशोधन संस्थेतून आणलेल्या हेला, म्हणजे मानवी कर्करोगाच्या, पेशी सोडल्या आणि तीन तासांत रोधाचा आलेख झकास वर गेला. मी प्रिंट घेऊन सरांकडे धावले. त्यांनी एकच विचारलं, "रिकाम्या वाटीचा कुठाय?"

तो काढलाच नव्हता. काढला, तर पेशी नसलेली वाटीसुद्धा वर चढत होती. उलट जरा जास्तच!

पुढचे पंधरा दिवस मी केबल बदलल्या, सोल्डर पुन्हा केलं, मीडियममधल्या, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवातल्या, सीरमच्या प्रथिनांना दोष दिला. शेवटी एकदा चिप सहज मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि दातांवर गोल गोल बुडबुडे दिसले. मी मीडियम फ्रिजमधून काढून तसंच ओतत होते. ४ अंशांवरून ३७ वर जाताना त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि थेट सोन्यावर जाऊन बसते. हवेतूनही वीज जात नाही. मीटरला बुडबुडा काय नि पेशी काय, सारखंच.

मग मीडियम आदल्या रात्रीच झाकण सैल करून इन्क्युबेटरमध्ये ठेवू लागले. चिपला वापरण्याआधी मिनिटभर ऑक्सिजन प्लाझ्मा दिला, म्हणजे पृष्ठभाग नीट भिजतो आणि बुडबुडे धरत नाहीत. आता रिकाम्या वाटीची रेघ आडवी राहिली आणि पेशींची हळूहळू चढली. तरीही खात्री वाटेना, म्हणून शेवटी पेशींची पकड सोडवणारं ट्रिप्सिन घातलं. पेशी सुटल्या आणि काही मिनिटांत रेघ खाली आली.

प्रबंधात पहिली आकृती रिकाम्या वाटीचीच टाकली. परीक्षकांनी तिच्यावर एकही प्रश्न विचारला नाही.