सहा डॉलरचं बीड

ऑगस्टचा पहिला गुरुवार आला की माझे पाय घरात ठरत नाहीत. यूएस-१२७ नि त्याला पुढे जोडलेल्या रस्त्यावर, मिशिगनपासून पार अलाबामापर्यंत, ६९० मैल लोक आपापल्या अंगणात नि शेताच्या कडेला टेबलं मांडून जुनंपानं विकायला बसतात. रविवारपर्यंत हा बाजार चालतो. आम्ही ओहायोतल्या डेटनला राहतो. पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर ईटन, आणि १२७ ईटनमधूनच जातो.

"परत लोखंड आणणार?" नवऱ्याचा दरवर्षीचा प्रश्न.

लोखंड नव्हे, बीड. हा देशावरचा, भाकरीच्या तव्यावर वाढलेला, त्याला फरक कळत नाही. लोखंडी तवा पत्र्याचा. आपटला तर पोचा येतो. बीड ओतीव. जड, तापायला आळशी, पण एकदा तापलं की ऊब सोडत नाही. आणि हातातून सुटलं तर सरळ दोन तुकडे. कुडाळला आजीकडे बिडाचा तवा होता, तो फक्त घावन-आंबोळीचा. भाकरीचा वेगळा. एकदा मामीने घाईत त्यावर टोमॅटो परतला, आंबटाने तव्यावरचा मुरलेला तेलाचा थर उतरला, तर आजी दिवसभर तिच्याशी बोलली नव्हती.

इथे आल्यावर मी दुकानातून नवाकोरा तवा घेतला. वरून खरखरीत, वाळूच्या साच्याचे दाणे जसेच्या तसे. घावनाला जाळी सुरेख पडायची, पण उलथनं खाली शिरेल तर शपथ. मग कळलं की जुन्या अमेरिकन कंपन्या ओतल्यानंतर भांड्याची आतली बाजू यंत्रावर घासून गुळगुळीत करत. तेव्हापासून हे वेड.

यंदा ईटनच्या अलीकडे एका टेबलावर दोन नग होते. एक ग्रिसवोल्डचा खोलगट तवा, पाठीवर वर्तुळातल्या क्रॉसचा मोठा शिक्का. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा हा कारखाना १९५७ मध्ये बंद झाला, तेव्हापासून संग्राहक त्या शिक्क्यामागे धावतात. किंमत ९० डॉलर. विकणाऱ्या बाईंना तो काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. दुसरा त्याच टेबलाखाली, कुंडीच्या बुडाशी. गोल, सपाट, काठ जेमतेम नखाएवढा, त्यावर डांबरासारखी खरपुडी. मला हाच हवा होता! खोलगट तव्याच्या उंच काठामुळे घावनाखाली उलथनं आडवं जात नाही. संग्राहकांना त्याचं काय?

पाठ चाचपली तर बोटांना अक्षरं लागली. वॅग्नर वेअर, सिडनी, ओ. ओ म्हणजे ओहायो. हे सिडनी आमच्या घरापासून आय-७५ महामार्गाने उत्तरेला चाळीसेक मैल. वॅग्नर बंधूंनी तिथे १८९१ मध्ये ओतकाम सुरू केलं. म्हणजे तवा दारातलाच निघाला. सपाट फळीवर ठेवून टिचकी मारली. भोवऱ्यासारखा फिरला असता तर तळ फुगलेला, मग काचेच्या शेगडीवर निरुपयोगी. नाही फिरला. मुठीत सैल धरून लाकडी चमच्याने ठोकला, घंटेसारखा वाजला. तडा असला की आवाज बद्द येतो. सहा डॉलर दिले. बाई म्हणाल्या, कुंडीही घेऊन जा.

घरी आल्यावर आधी शिशाची चाचणी. जुन्या भांड्यांत लोक गळाची वजनं नि बंदुकीच्या गोळ्या ओतायला शिसं वितळवत, त्यामुळे ही चाचणी मी कधी टाळत नाही.

खरपुडी काढायला आग नको. माझा पहिला तवा कुणाच्या तरी सल्ल्याने मी परसातल्या शेकोटीत टाकला होता. बाहेर आला तो विटकरी रंगाचा नि वाकडा. आता कॉस्टिक सोड्याचा ओव्हन क्लीनर फवारते, कचऱ्याच्या पिशवीत घट्ट बांधते आणि गॅरेजमध्ये चार दिवस विसरून जाते. हातमोजे घालायचेच. असं दोनदा करावं लागलं. राहिलेल्या गंजाला व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, अर्धा तास. त्याहून जास्त ठेवलं तर बीडच खायला लागतं. शेवटी खालून निघाला तो रंग बघण्यासारखा असतो, पावसाळी आभाळासारखा करडा. पण बघत बसलात तर पाच मिनिटांत नारिंगी छटा चढते. धुतला की लगेच ओव्हनमध्ये.

मग तेल. इंटरनेटच्या नादी लागून एकदा जवसाचं वापरलं. काळ्या काचेसारखं चमकलं आणि महिन्याभरात पोपडे धरले. आता साधं कनोला. तेल चोळायचं, आणि मग ते चुकून लागलंय अशा थाटात सगळं पुसून काढायचं. पालथा घालून ४५० फॅरनहाइटला तासभर. उरलेला पातळसा थर तापून कडक होतो, भांड्याला धरतो. जाड राहिला तर चिकट डाग. असं चार वेळा. आजी नव्या तव्याला चार दिवस पेज नि तेल पाजायची आणि रोज अर्धा कांदा घासायची. ओव्हन तिच्याकडे नव्हता.

पहिली दोन घावनं फाटली, ती मीच उभ्याने खाल्ली. तिसरं काठापासून आपोआप सुटलं. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, "तांदूळ जाडा वाटलायस."

गेल्या शनिवारी मी देवळात गेले असताना नवऱ्याने त्यावर टोमॅटो ऑम्लेट केलं. मधोमध बशीएवढा फिकट डाग. मी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी गॅरेजमध्ये डोकावले, तर तो तवा मांडीवर घेऊन कनोला चोळत बसला होता, आणि तेल फारच जास्त घेतलं होतं.