बाईंचे पुठ्ठे

"मिस्त्री, तेल गळतं त्याचं मला फारसं काही नाही. पण हँडब्रेक धरत नाही, आणि मी पन्हाळ्यावर राहते."

बाईंनी जीप माझ्या दारात उभी केली आणि चाकामागे दगड ठेवून मगच बोलायला सुरुवात केली. दगडही स्वतःचा, जीपमध्येच ठेवलेला. बाई हायस्कुलात गणित शिकवायच्या. वय सत्तरीच्या पुढं, तरी जीप स्वतः चालवतात. त्यांचे यजमान जनावरांचे डॉक्टर होते. १९८६ साली सरकारी लिलावातून त्यांनी ही जीप घेतली आणि शाहूवाडी, गगनबावडा, आंबा, सगळा पावसाचा मुलूख तिच्यावर फिरले. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायला वाड्यावस्त्यांवर जायचं, तर त्या काळी तिथं दुसरी गाडी पोचतच नव्हती. डॉक्टर गेले, जीप राहिली. मुलगा म्हणतो विकून टाक, बाई ऐकत नाहीत.

मी एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर घरामागं पत्र्याची शेड टाकली आणि जुन्या जीपच तेवढ्या घेतो. खड्डा नाही, लिफ्ट नाही. दोन जॅक, उचललेली गाडी पेलायला चार घोड्या आणि अंगाखाली घ्यायला एक जुनी सतरंजी.

बाईंची गाडी सीजे-३बी. अमेरिकेत विलीज कंपनीनं हे मॉडेल १९५३ मध्ये काढलं. त्यात बसवलेलं हरिकेन इंजिन उंचीला जास्त, त्यामुळं या जीपचं बॉनेट कपाळ वर काढल्यासारखं दिसतं. तिकडं ते १९६८ मध्ये बंद झालं, पण आपल्याकडं महिंद्रची गाडी म्हणून पुढं कितीतरी वर्षं निघत राहिलं. म्हणून तर अजून तिचे बरेचसे भाग मिळतात.

जुनी जीप ज्यांनी खालून पाहिलेली नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस नावाची दुसरी पेटी जोडलेली असते, तिच्यातून पुढच्या आणि मागच्या चाकांकडं ताकद वाटली जाते. मागचा प्रोपेलर शाफ्ट या पेटीतून जिथं बाहेर येतो, तिथं एक छोटा ड्रम आहे. हँडब्रेक ओढला की तो ड्रम आवळला जातो, शाफ्ट अडतो आणि शाफ्टामुळं मागची चाकं अडतात. पण त्या ड्रमच्या आतच ट्रान्सफर केसचं मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी आहे. सील गळलं की तेल थेट ब्रेकच्या लायनिंगवर. म्हणजे जमिनीवर पडलेला डाग आणि बाईंच्या चाकामागचा दगड, दोन्हींचं मूळ एकच.

यातून कामाचा एक नियमही निघतो. प्रोपेलर शाफ्ट सोडला की हँडब्रेक नावापुरता उरतो, गाडी मोकळी होते. म्हणून खाली शिरण्याआधी चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. मी सपाट अंगणातसुद्धा लावतो. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

पहिल्या खेपेला मी शिस्तीत सुरुवात केली. खालची सगळी माती-तेलाची खरवड रॉकेलनं धुतली, कोरडी केली, अंगाला लावायची पावडर फुंकून सगळीकडं पांढरं केलं आणि पाच किलोमीटर फिरवून आणली. गळती शोधायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. वारा तेलाला मागं नेतो, तेल पोलादाच्या कडेकडेनं सरकतं आणि भलतीकडंच टपकतं. पावडरीवर त्याची वाट उमटते. इथं वाट सरळ मागच्या सीलकडं गेली. बोट लावून वास घेतला. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, इंजिनच्या तेलाला तो नसतो. शंकाच उरली नाही.

ड्रम काढला. लायनिंग तेलानं काळंभोर भिजलेलं. असं लायनिंग पेट्रोलनं धुवा नाहीतर जाळावर धरा, गरम झालं की आतलं तेल पुन्हा बाहेर येतंच. ते बदलायचं. सील मात्र नवं होतं, फार तर दोन महिन्यांचं. सीलच्या रबरी ओठात जो योक, म्हणजे शाफ्ट जोडायचं पोलादी टोक, फिरतो त्यावरून नख ओढलं तर ते चरात अडकलं. इतक्या वर्षांच्या फिरण्यानं पोलादाला चर पडला होता, आणि आधी ज्या ज्या हातांनी सील बदललं त्यांनी योककडं पाहिलंच नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक जुना टर्नर आहे, त्याच्याकडून योक थोडा उतरवून त्यावर पातळ स्लीव्ह घट्ट बसवून आणली. नवं सील, नवं लायनिंग, टोपीखालच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, जशाच्या तशा परत, कारण त्यांच्यावर शाफ्टची ढिलाई ठरते. ट्रान्सफर केसमध्ये नव्वद नंबरचं ताजं तेल लेव्हलच्या बोल्टपर्यंत भरलं. गिअरबॉक्समध्ये पाहिलं तर तेल बरंच कमी, अर्ध्या लिटरच्या वर लागलं. वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नसेल, असं मनाशी म्हणालो. ट्रान्सफर केसमधून आधी किती तेल निघालं, ते मोजलं नाही. तिथंच माझं चुकलं.

सहाव्या दिवशी सकाळी बाई परत आल्या. दगड ठेवला. मग मागच्या सीटवरून सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा काढला आणि माझ्या बाकावर ठेवला.

"गळतंय," एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यामुळं मला जास्तच लागलं.

गठ्ठा पुठ्ठ्यांचा होता. साड्यांच्या खोक्यांचे, वह्यांचे, मिठाईच्या डब्यांचे. बाई रोज रात्री जीपखाली पुठ्ठा सरकवायच्या आणि सकाळी काढून डागाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढायच्या. कोपऱ्यात तारीख, आदल्या दिवशीचे किलोमीटर. काही पुठ्ठ्यांवर डागावर चौकटी आखून किती भरल्या तेही लिहिलेलं. अकरा महिन्यांचं काम होतं ते.

"हे आधी का नाही दाखवलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

बाईंनी पुठ्ठे अंगणात ओळीनं मांडायला घेतले. मी मदतीला लागलो. तुळशीकट्ट्यापासून शेडपर्यंत ओळ गेली. ज्या पुठ्ठ्यांवर लाल टिंब होतं ते सर्व्हिसिंगनंतरचे. अकरा महिन्यांत तीन लाल टिंबं, आणि चौथं माझं. प्रत्येक लाल टिंबानंतर दोन-चार दिवस डाग लहान, मग एकदम तळहाताएवढा, आठवडाभर तसाच, आणि मग हळूहळू रुपयाएवढा होत जाई. पुढं सर्व्हिसिंग झालं की पुन्हा तेच.

बाई कमरेवर हात ठेवून त्या ओळीकडं पाहत होत्या. "सील झिजलं असतं तर गळती वाढत गेली असती. ही उतरते. सगळ्यांनी मला सांगितलं, नवं सील बसायला वेळ लागतो, आता बघा कमी झालं. मला पटलं नाही. उतरतंय म्हणजे कुठंतरी काहीतरी संपतंय."

मी काही बोललो नाही. पाना घेतला आणि सतरंजीवर आडवा झालो.

आधी गिअरबॉक्सचा लेव्हल बोल्ट काढला. तेल काठाशी दिसायला हवं होतं. सहाच दिवसांपूर्वी मी स्वतः भरलं होतं. बोट आत घातलं, दोन पेरं गेलं, कोरडं. मग ट्रान्सफर केसचा बोल्ट सैल केला, तर पूर्ण सुटायच्या आधीच तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. घरातून स्वयंपाकाचं मापाचं भांडं मागवलं. लेव्हलच्या वरचं म्हणून जेवढं आपोआप बाहेर आलं ते जवळजवळ साडेचारशे मिली भरलं. बाईंनी आकडा पुठ्ठ्यावर लिहिला.

मी तसाच पडून राहिलो थोडा वेळ. ट्रान्सफर केसमध्ये तेल साधारण दीड लिटर बसतं. त्यात गिअरबॉक्समधलं एवढं येऊन मिळालं की चांगलं सीलसुद्धा ते किती धरणार? आणि गिअरबॉक्सचं तेल दोन पेट्यांमधल्या बेअरिंगच्या उंचीखाली गेलं की पलीकडं जायचं थांबणार, गळती उतरणार, आणि सगळे म्हणणार, बसलं बघा सील. तेवढ्यात गिअरबॉक्स मात्र कोरडा चालत राहणार. चारदा तेल भरलं गेलं म्हणून तो वाचला. ज्या दिवशी गळती थांबली म्हणून बाईंनी समाधानानं तेल पाहणं सोडलं असतं, त्यानंतर आंब्याच्या घाटात कधीतरी तो जाम झाला असता. हा विचार आला आणि अंगावर काटा आला.

दोन्ही पेट्या वेगळ्या, तेल भरायच्या जागा वेगळ्या, पण गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट मागच्या बेअरिंगमधून निघून थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरतो. वाट तीच. तिथं तेल मागं परतवणारी एक पातळ चकती असते. तिचं काय झालं ते पाहायचं, तर पेट्या वेगळ्या करणं आलं.

त्या दिवशी दुपारच्या जेवणाला मी उठलो नाही. ट्रान्सफर केसचं मागचं झाकण काढलं, आतला मेनशाफ्टचा नट सोडला, गिअर पुलरनं ओढून काढला. आता केस मागं ओढायची. पण ओढताना मेनशाफ्टही सोबत मागं सरकला तर पुढचे सिंक्रोचे, म्हणजे गिअर न खरखरता जुळवणाऱ्या जोडणीचे, तुकडे आत निखळून पडतात आणि अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यावर कंपनीच्या जुन्या पुस्तकातच उपाय आहे. वरचं झाकण काढायचं, दुसऱ्या गिअरच्या मागं मेनशाफ्टला तारेचा फास टाकायचा, पीळ देऊन ताणायचा आणि दोन्ही टोकं पुढच्या स्क्रूंना बांधायची. इतक्या वर्षांत कितीदा केलं असेल, तरी केस सुटताना श्वास रोखलेलाच असतो. वरचं झाकण काढल्यावर बाईंनाही आत दाखवलं. गिअरांचे दात शाबूत होते, पितळी रिंगा पिवळ्या लखलखीत. "हे वाचलं," मी म्हणालो. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

केस सुटली. बेअरिंगमागची चकती जागेवर नव्हतीच. कधीतरी कुणीतरी उघडलं आणि परत बसवताना ती राहिली. दोन पेट्यांमधलं पॅकिंगही खालच्या बाजूनं फाटलेलं. बेअरिंग झिजून खडखडत होतं. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत उद्यमनगरात जाऊन त्याच मापाचं, पण एका बाजूनं रबरानं बंद असलेलं बेअरिंग आणलं. बंद बाजू ट्रान्सफर केसकडं, उघडी बाजू गिअरबॉक्सकडं, म्हणजे त्याला आपल्या पेटीतलं तेल मिळत राहतं आणि तेल पलीकडं जात नाही. चकती पत्र्यातून कापून घेतली. पॅकिंग कागदातून हातानं कापलं, दोन्ही बाजूंना शेलॅक. तेल जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल भरलं. जीएल-५ या दुसऱ्या प्रतीतली गंधकाची रसायनं पितळेला बाधू शकतात, आणि ते इतकं निसरडं असू शकतं की सिंक्रोच्या पितळी रिंगा नीट पकडत नाहीत. दुकानदार महागातलं म्हणून जीएल-५ पुढं करतात, तेव्हा जुन्या गिअरबॉक्ससाठी हट्टानं जीएल-४ मागावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप उभी राहिली. पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी चढावर इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, नुसत्या हँडब्रेकवर मी ती सोडली आणि खाली उतरलो. बाई शेजारी उभ्या होत्या, हातात दगड. जीप हलली नाही. दगड त्यांनी रस्त्याकडेला ठेवून दिला.

मजुरीचा हिशेब करताना पहिल्या खेपेचे पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी दोनदा पुढं केले, मग ठेवले.

त्यानंतर दोन्ही बोल्ट महिन्यातून एकदा काढून पाहायचे असं ठरलं होतं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी भाच्याबरोबर एक पुठ्ठा पाठवला. मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका, भोवती पेन्सिलीची रेघ, तारीख, किलोमीटर आणि खाली एकच शब्द: "कुठला?"

वास घेतला. गंधक नव्हतं. ठिपका इंजिनाच्या बाजूचा होता. पुठ्ठ्यामागं तसं लिहिलं, दिवाळीनंतर घेऊन या म्हणून कळवलं, आणि पुठ्ठा परत पाठवला. त्यांच्या गठ्ठ्यात तो लागणार होता.