वॉर्डाचं मत

शनिवार, 6 मे 2023, लेस्टर

आज दिवसभर टीव्हीवर राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक चालू होता. माझं डोकं मात्र अजून गुरुवारच्या मतदानातच आहे, म्हणजे इंग्लंडमधल्या आमच्या लेस्टर शहराच्या कौन्सिलच्या, इथल्या महापालिकेच्या, निवडणुकीत. निकाल लागले आणि शहराचा नकाशाच बदलला. 2019 मध्ये कौन्सिलच्या 54 पैकी 53 जागा मजूर पक्षाकडे होत्या. आता 31 उरल्या. हुजूर पक्ष 17, ग्रीन 3, लिबरल डेमोक्रॅट 3. गंमत अशी की त्याच दिवशी देशभरात हुजूर पक्षाने हजारावर जागा घालवल्या आणि इथे मात्र शून्यावरून सतरावर आला. महापौर पुन्हा सर पीटर सोल्सबीच. 2011 पासून तेच आहेत.

गुरुवारी सकाळी शेजारच्या आजींना, आम्ही त्यांना बा म्हणतो, घेऊन केंद्रावर गेले. इंग्लंडमध्ये फोटो असलेलं ओळखपत्र यंदा पहिल्यांदाच सक्तीचं झालंय, त्यामुळे त्या आठवडाभर काळजीत होत्या. पासपोर्ट कधीच संपलेला. मी सांगितलं, "बा, तुमचा बसचा पास चालतो." ज्येष्ठांचा पास चालतो, तरुणांचा रेल्वे पास चालत नाही. हा नियम कोणी केला आणि कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न मला पडलाय आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. मी माझा भारतीय पासपोर्ट नेला होता. राष्ट्रकुलातल्या देशाचा म्हणून तो चालतो, आणि त्याच नात्याने व्हिसावर असूनही मला इथे मत आहे. हे इथल्या अनेक मराठी मुलांना ठाऊकच नसतं. शिकायला आलेल्यांनाही नाव नोंदवता येतं. यंदा मी आमच्या गटात सगळ्यांच्या मागे लागून नावं नोंदवून घेतली.

आत मशीन नाही, बोटाला शाई नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल आणि दोन मतपत्रिका: एक महापौराची, दुसरी वॉर्डाची. आमच्या वॉर्डात तीन नगरसेवक, म्हणून तीन फुल्यांपर्यंत मुभा. बांनी प्रत्येक नाव वाचून, सावकाश फुल्या मारल्या. बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या आणि 1972 चं बोलू लागल्या.

युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं तेव्हा त्या कंपालात होत्या, नवीन लग्न झालेलं. त्या सप्टेंबरमध्ये तिथल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात लेस्टरच्या याच कौन्सिलने जाहिरात दिली होती: इथे घरं नाहीत, शाळांत जागा नाही, तुमच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. बा म्हणाल्या, त्या जाहिरातीमुळेच अनेकांना लेस्टर नावाचं गाव आहे हे कळलं. आज शहरातला दर तिसरा माणूस भारतीय वंशाचा आहे. ज्या सभागृहाने येऊ नका म्हटलं, त्यात कोण बसणार हे बा ठरवतात. मला हे ऐकून भरून आलं.

पण या वेळच्या निकालात मला सलणारंही बरंच आहे. मार्चमध्ये मजूर पक्षाच्या 19 विद्यमान नगरसेवकांची तिकिटं कापली गेली. उमेदवार निवडायचं काम पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने स्वतःकडे घेतलं होतं. वर्षानुवर्षं लायब्ररीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकणारी माणसं एका फटक्यात बाजूला झाली. कोणी दुसऱ्या पक्षात गेलं, कोणी अपक्ष उभं राहिलं. पक्षाने 22 जागा घालवल्या त्याला हे एक कारण आहेच. दुसरं कारण उघड बोललं जात नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये हिंदू आणि मुसलमान पोरं पूर्व लेस्टरच्या रस्त्यांवर समोरासमोर आली, ती भीती अजून गेलेली नाही. प्रचारात ती जाणवत होती. बेलग्रेव्ह आणि रशी मीड या वॉर्डांत हुजूर पक्ष जिंकला, त्यात या भीतीचा वाटा किती आणि खऱ्या कामाचा किती, हे ज्याने त्याने मनाला विचारावं. कचरा, वाचनालय, म्हाताऱ्यांची देखभाल, शाळेतल्या जागा यांसाठी हे सभागृह आहे. घरी मदतनीस यायला हवी, तर ती हिंदू म्हाताऱ्यांनाही हवी आणि मुसलमान म्हाताऱ्यांनाही.

रात्री बाबांशी बोलले. त्यांनी निकालाचे आकडे बारकाईने विचारले, मग म्हणाले, "तुला परदेशात नगरसेवक आहे, मला पुण्यात नाही." खरंच नाही. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासकच कारभार पाहतोय. मुंबईतही तेच. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात, आणि प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा हे राज्यात सरकार बदललं की बदलतं. 2017 मध्ये मी पुण्यात चार बटणं दाबली होती, त्यानंतर तिथे कोणी विचारलेलंच नाही. लेस्टरमध्ये लंडनहून तिकिटं कापतात, पुण्यात मुंबईहून निवडणूकच लांबवतात. दोन्हीकडे गल्लीचा निर्णय गल्लीबाहेर होतो आणि त्याचा मला मनापासून राग येतो. पण इथे निदान गुरुवार ठरलेला असतो. मे महिन्यातला पहिला गुरुवार, सकाळी सात ते रात्री दहा. तो सहसा पुढे सरकत नाही. बाबांसाठी मला एवढंच हवंय.

आत्ताच आमच्या वॉर्डातल्या तिन्ही नव्या नगरसेवकांना ई-मेल टाकली: शाळेच्या कोपऱ्यावर झेब्रा क्रॉसिंग हवं आहे, तुम्ही कधी आणि कुठे भेटाल? यांतल्या दोघांना मी मत दिलं होतं, एकाला नाही. पत्र तिघांना सारखंच लिहिलं. बा भेटीला सोबत येणार आहेत, त्यांना फुटपाथबद्दल बोलायचंय.