आधी ‘रा’ बसव

सर्फ गिटार, म्हणजे 1960च्या दशकात अमेरिकेत गाजलेली इलेक्ट्रिक गिटारची शैली, म्हटलं की बहुतेकांना आधी रिव्हर्ब, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा परिणाम, आठवतो. तो ओला, टपटपणारा आवाज मलाही फार आवडतो. पण गेल्या पावसाळ्यापासून मी हे वाजवणं मनापासून शिकतेय आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय: ही उजव्या मनगटाची विद्या आहे. डाव्या हाताचं काम त्या मानानं सोपं. रिव्हर्ब तर सगळ्यात शेवटी.

दिवसभर मी नागपुरात इतवारीत एका कापडाच्या पेढीवर हिशेब बघते. संध्याकाळी खामल्यात घरी आले की जेवणाआधीचा वेळ गिटारचा. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, ते सतार वाजवतात. जिन्यातून जाता-येता माझा रियाज त्यांच्या कानावर पडायचा. एकदा थांबले आणि म्हणाले, “बेटा, दा तर कोणीबी वाजवते. आधी रा बसव.”

सतारीवर मिझराबचे (बोटात घालायच्या तारेच्या नखीचे) दोन मूळ बोल, दा आणि रा. दा जोरकस, रा जरा हलका. गिटारवर पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) खाली आली की दा, वर गेली की रा. सर्फमधलं डबल पिकिंग म्हणजे एकाच सुरावर खाली-वर, खाली-वर, न थांबता. ऐकणाऱ्याला खालचा आणि वरचा आघात वेगळा कळला की संपलं, मग कितीही वेगानं वाजवा, गाणं लंगडतं. काकांचं वाक्य ऐकल्यावर मी काही दिवस फक्त अपस्ट्रोक, म्हणजे वरचे आघात, वाजवले. मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, सगळ्यात जाड तार, नुसतं वर, वर, वर. कंटाळवाणं आहे. पण त्यानंतर जेव्हा दोन्ही आघात जोडले तेव्हा दोघांचं वजन पहिल्यांदा सारखं लागलं.

पिक किती आत जाते हेही बघा. तारेखाली तिचं फक्त टोक जायला हवं, एखाद-दोन मिलिमीटर, बस्स. जास्त आत गेली की ती अडकते, आणि अडकली की खांदा ताठतो. खांदा ताठला की त्या दिवशी थांबायचं. पिक किंचित तिरकी धरली तर तारेवरून घसरत जाते, सपाट धरली तर आपटते. मे महिन्यात बोटांना घाम येऊन पिक निसटते, म्हणून मी खरखरीत पृष्ठभागाची नायलॉनची पिक वापरते आणि वाजवून झालं की तारा सुती कापडानं पुसून ठेवते.

सर्फ गिटारवादक डिक डेलचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. 1937 साली बॉस्टनमध्ये जन्मलेला, वडिलांकडून लेबनीज. त्याचे काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे, आणि त्या घरातली तालवाद्यं ऐकत तो वाढला. शिवाय जॅझ ड्रमर जीन क्रुपाच्या ड्रम्सचं वेड. त्याचा उजवा-डावा हिशेब उलटा होता, डावखुरा असून उजव्या हाताच्या पद्धतीनं तारा लावलेली गिटार तो तशीच उलटी धरायचा. आणि तारा केवढ्या जाड! 16 पासून 60 पर्यंतचा संच (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). साध्या इलेक्ट्रिक गिटारवर 9 किंवा 10 पासूनचा असतो. जाड तार पिकला उलट ढकलते, त्यामुळे आघात ठसठशीत येतो. मी 11 चा संच लावलाय. एकदम पुढची उडी मारू नका, मनगट दुखावेल आणि गिटारची मानही वाकेल.

आता डेलची गाजलेली धून, ‘मिसिरलू’. पूर्व भूमध्य समुद्राकाठची ही जुनी चाल 1927 मध्येच रेकॉर्ड झाली होती, डेलनं ती 1962 मध्ये गिटारवर आणली. सुरुवातीची चाल सगळ्यात जाड तारेवर बसते, आणि त्या तारेवर ही सप्तकपट्टी अशी सापडते: मोकळी तार, मग 1, 4, 5, 7, 8, 11 आणि 12 वा पडदा. वाजवून बघा आणि गाऊन बघा. रे कोमल, ध कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला भैरव थाट! मला हे कळलं त्या संध्याकाळी मी वर जाऊन काकांना वाजवून दाखवलं. ते म्हणाले, सूर भैरवाचे आहेत, राग नाही. बरोबरच आहे, भैरवात रे आणि ध आंदोलित लागतात, इथे तर त्यांच्यावर नुसता आघातांचा पाऊस. मूळ वेगात सेकंदाला दहाच्या वर आघात पडतात. पण सूर कानात आधीपासून असल्यामुळे डावा हात लवकर बसला आणि सगळं लक्ष उजव्याकडे देता आलं. शास्त्रीय संगीत ऐकत वाढलेल्या प्रत्येकाला ही सवलत आहे, ती घ्या.

रिदमबद्दल, म्हणजे चालीखालच्या साथीबद्दल, मात्र मला जरा जोरात बोलायचंय, कारण शिकणारे तिकडे ढुंकून बघत नाहीत. सर्फचा नेहमीचा ड्रम ठेका तोंडानं म्हणा: डुम्, टक्-टक्, डुम्, टक्. दुसऱ्या मात्रेवर दोनदा टक्, चौथीवर एकदा. हा ठेका हातात नसेल तर लीड, म्हणजे मुख्य चाल, वाजवून उपयोग नाही. माझा चुलतभाऊ रविवारी येतो, तो रिदम धरतो, मग आम्ही अदलाबदल करतो. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) छेडली की लगेच डाव्या बोटांचा दाब सोडायचा, बोटं तारेवरून उचलायची नाहीत. कॉर्ड ‘चक्’ होऊन बंद होते. उजवा हात मात्र खाली-वर हलतच राहतो, तारेला लागो न लागो. हात थांबला की लय गेली. चुलतभाऊ हे माझ्यापेक्षा चांगलं करतो, लहानपणी तबला शिकलाय तो.

व्हेंचर्स या अमेरिकन बँडच्या डॉन विल्सनला फक्त रिदमसाठी ऐका. 1960 मध्ये ते टॅकोमाहून आले तेव्हा लोकांनी लीडचं कौतुक केलं, पण त्याच्या कॉर्ड्सचा तो घट्ट ठोका काढून टाकला तर गाणं कोसळेल.

पाम म्यूट, म्हणजे तळहातानं आवाज दाबणं: उजव्या तळहाताची कड ब्रिजवर, तारा जिथे टेकतात तिथेच. बोटभर पुढे सरकलात तर सूरच मरतो. शँटेज या बँडच्या ‘पाइपलाइन’ची सुरुवात आठवा, जाड तारेवर दाबलेल्या आवाजात खाली घरंगळत येणारी ती मींड. ती अशीच येते, पिक चालू ठेवून डावा हात खाली घसरवायचा.

आणि आता रिव्हर्ब. फेंडरनं 1961 मध्ये त्याची वेगळी पेटी काढली. आत स्प्रिंगा असतात. आघात स्प्रिंगमधून जाताना उंच आणि खालचे स्वर वेगवेगळ्या वेळी पोचतात, त्यातून ती ‘टप्’ येते. दाबलेला छोटा सूर जितका नेमका, तितकी टप् सुंदर. म्हणून रियाज रिव्हर्ब बंद करूनच करावा. चालू केला की आघातातला फरक पसरून जातो आणि आपल्याला वाटतं, जमलं.

उन्हाळ्यातली एक खास नागपुरी अडचण: गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांचं कंपन टिपणाऱ्या, एका वेटोळ्याच्या भागात) कूलरची मोटर आणि पंख्याचा रेग्युलेटर दोन्ही गुणगुणतात. गिटार घेऊन खोलीत हळूहळू गोल फिरा, एका कोनात ती गुणगुण खूप कमी होते. माझ्या खोलीत तो कोन खिडकीकडे तोंड केल्यावर मिळतो. वायरिंगची अर्थिंगही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ते आवाजापेक्षा जिवासाठी.

सध्या चुलतभाऊ आणि मी 140 वर स्थिर आहोत. आम्हाला बास वाजवणारं कोणीतरी हवंय. खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, जवळपास कोणी असेल आणि एकच सूर चार मिनिटं न कंटाळता धरायची तयारी असेल, तर खाली लिहा. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत.