आरसी-३: सोर्स जुळला, जार अडला

अपाचीच्या एका जावा प्रकल्पाचा आरसी-३, म्हणजे तिसरा रिलीज कँडिडेट (रिलीजसाठी उमेदवार आवृत्ती), मतदानाला आलाय. आरसी-२ ज्या नोटिस फाइलवर पडला, ती आता नीट आहे. पण सोर्समधून स्वतः बिल्ड केलेला जार (जावाचं तयार पॅकेज) स्टेजिंगवरच्या, म्हणजे मतदानासाठी ठेवलेल्या, जारशी काही केल्या जुळेना. कारण अखेर सापडलंय.

आधी जे सरळ पार पडलं ते. सही बरोबर आहे. 'की प्रमाणित नाही' असा जीपीजीचा (सही तपासणाऱ्या टूलचा) इशारा दिसेल, पण त्याचा अर्थ सही खोटी असा होत नाही. कीचा पूर्ण फिंगरप्रिंट प्रकल्पाच्या 'कीज' फाइलशी (सही करणाऱ्यांच्या पब्लिक कीजच्या यादीशी) ताडा. ही फाइल प्रकाशित रिलीजच्या फोल्डरमधून घ्या, आरसीशेजारची नको. ज्याला आरसी बदलता येतो त्याला तीही बदलता येते. चेकसमची फाइल (तिच्यात टारबॉलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा असतो) याही खेपेला जीपीजीच्या ढंगात, कॅपिटल अक्षरांचे तुकडे पाडलेली. तपासणीच्या नेहमीच्या कमांडला ती वाचता येत नाही. स्पेस गाळून, अक्षरं लहान करून हॅश ताडावा लागतो. रिलीज स्क्रिप्टमध्ये एका ओळीचं काम आहे, ते अजून का होत नाही देव जाणे.

टारबॉल (सोर्सची बांधलेली प्रकाशित फाइल) आणि गिट (कोडचा इतिहास ठेवणारी प्रणाली) यांची ताडणी आता कुणी टाळू नये. २०२४मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१मध्ये बॅकडोअर (चोरदरवाजा) चालू करणारी एम४ ही बिल्डची फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. गिटमधल्या टॅगवर (आवृत्तीला दिलेल्या नावावर) विसंबू नका, तो हलवता येतो. मतदानाच्या मेलमधला कमिट हॅश चेकआउट करा आणि दोन्ही फोल्डरांवर रिकर्सिव्ह डिफ (आतल्या सगळ्या फाइलींची तुलना) चालवा. इथे टारबॉलमध्ये गिटइग्नोर नाही आणि डिपेन्डन्सीजची फाइल जास्तीची आहे. दोन्ही अपेक्षितच.

रिकाम्या लोकल रिपॉझिटरीने (आधी उतरवलेल्या लायब्ररींशिवाय) बिल्ड झाला, टेस्ट हिरव्या. तुर्की लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) सुद्धा! कॅपिटल 'आय' लहान करताना त्याचं बिनटिंबाचं अक्षर होऊन पार्सर कोसळायचा, ते आरसी-१पासूनचं दुखणं एकदाचं गेलं.

आता जार. जेडीके (जावाचं बिल्ड करायचं किट) तोच, १७. आउटपुट टाइमस्टँप (फाइलींवर टाकायची ठरलेली वेळ) पॉममध्ये, म्हणजे बिल्डच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, दिलेला. तरी हॅश वेगळा. डिफॉस्कोप चालवला (दोन फाइलींतला फरक आतपर्यंत दाखवतो; मेमरी खातो, पण याला तोड नाही), तर फरक दोनच ठिकाणी: बिल्ड-इन्फो प्रॉपर्टीज फाइलची पहिली ओळ, आणि जारच्या आत ठेवलेली उदाहरणांची झिप.

पहिल्याचं कारण जुनंच. जावाचं 'प्रॉपर्टीज.स्टोअर' फाइलच्या डोक्यावर चालू क्षणाची तारीख कॉमेंट म्हणून टाकतं. जेडीके १८पासून ती सिस्टम प्रॉपर्टी देऊन बांधता येते, १७मध्ये ती सोय नाही.

झिपने खरा वेळ खाल्ला. आतल्या फाइली बाइटन्‌बाइट सारख्या, क्रमही सारखा, वेळा मात्र वेगळ्या, आणि प्रत्येक नोंदीत फरक बरोबर दोन तासांचा. फरक असा पूर्ण तासांचा आला की टाइमझोनवर संशय घ्यावा. झिपमध्ये वेळ डॉसच्या पद्धतीने राहते: दोन सेकंदांच्या टप्प्याने, स्थानिक घड्याळाची, झोनची नोंद न ठेवता. 'झिपएन्ट्री.सेटटाइम' दिलेला क्षण मशीनच्या झोनमध्ये वळवून लिहितो. मेव्हन या बिल्ड टूलचा स्वतःचा जार प्लगिन हे सांभाळतो. ही आतली झिप मात्र प्रकल्पाच्या हाती लिहिलेल्या कोडमधून निघते.

रिलीज मॅनेजरचा झोन कळला तो त्या वैतागवाण्या तारखेच्या कॉमेंटमधूनच: तिच्यात 'ईईटी' (पूर्व युरोपची वेळ) लिहिलेलं आहे, म्हणजे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) दोन तास पुढे. टेस्ट मशीन यूटीसीवर. तोच झोन देऊन पुन्हा बिल्ड केल्यावर झिप जुळली आणि उरली फक्त ती एक ओळ.

दुरुस्ती छोटी आहे: 'सेटटाइम'ऐवजी जेडीके ९पासून असलेलं 'सेटटाइमलोकल' (झोनमध्ये न वळवता वेळ लिहिणारं), आणि प्रॉपर्टीज फाइल साध्या रायटरने, प्रॉपर्टींची नावं क्रमाने लावून. बिल्डनंतर जार धुऊन काढणारी (असे फरक पुसणारी) टूल्स सुचवू नका; त्यांनी रोग झाकला जातो.

मग मत काय द्यायचं? अपाचीच्या नियमांत अधिकृत रिलीज म्हणजे सोर्स. बायनरी केवळ सोयीसाठी. किमान तीन बायंडिंग (प्रकल्प समितीच्या सदस्यांची) +१ म्हणजे होकाराची मतं हवीत, -१पेक्षा +१ जास्त हवीत, आणि रिलीजवर व्हेटो चालत नाही. न उलगडलेल्या फरकावर -१ योग्य ठरलं असतं. या फरकाचा उलगडा झालाय. म्हणून +१, सोबत दोन्ही इश्यूंची नोंद.

पॅच लगेच पाठवायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी सीआयमध्ये (आपोआप बिल्ड-टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत) दुसरा बिल्ड लावावा: वेगळा झोन, वेगळा युमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्यांची सेटिंग), वेगळा फोल्डर, शेवटी हॅशची ताडणी. आज तो लाल (नापास) दिसायलाच हवा. पॅच त्यानंतर.

विंडोजवर तपासणाऱ्यांनी झोन आधी सेट करावा. तरी बिल्ड-इन्फो जास्तच वेगळी दिसली तर लाइन एंडिंग (ओळीच्या शेवटाची खूण) बघा: 'स्टोअर' मशीनचंच वापरतं, तिथे प्रत्येक ओळ सीआर-एलएफने संपेल.