रिकाम्या छपराला इथं परवानगी नाही

मी कामाला आहे त्या जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात १ जानेवारी २०२२ पासून नवं गोदाम बांधायला अर्ज केला, की योग्य छपरावर सौर पॅनेल बसवावीच लागतात. मालकाची मर्जी कुणी विचारत नाही. हे कळल्यापासून माझं डोकं आपल्या बेळगावकडच्या निपाणी-संकेश्वरच्या वखारींच्या पत्र्यांवरच फिरतंय.

डिसेंबरात इथं साडेचारला अंधारून येतं. एक किलोवॅटच्या पॅनेलमागे वर्षाला जेमतेम १००० युनिट मिळतात. आपल्याकडं मुसळधार पावसाळा धरूनही आकडा १४०० च्या घरात जातो. शिवाय पॅनेल तापलं की वीज घटते, आणि बेळगाव पडलं अडीच हजार फुटांवर. आपली हवाही त्याला मानवणारी.

पॅनेलपेक्षा मला इथल्या वेळापत्रकाचं कौतुक वाटतं. आमच्या गोदामातल्या फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायच्या गाड्या, पूर्वी रात्री चार्जिंगला लागायच्या. आता जेवणाच्या सुट्टीत, ऊन डोक्यावर असताना, रांगेनं लावतात. दाराजवळच्या स्क्रीनवर छपराची वीज किती आणि विकतची किती, ते दिसत राहतं. ढग आला की आकडा घसरतो आणि सुपरवायझर दोन गाड्यांचं चार्जिंग थांबवायला सांगतो. ग्रीडला दिलेल्या युनिटला भाव कमी आणि विकतचं युनिट महाग, म्हणून होईल तेवढा वापर उन्हाच्या वेळेत ओढायचा. सगळी बचत त्यातच आहे.

दादाचं संकेश्वरला मिरचीचं कोल्ड स्टोरेज आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "तुमच्याकडं बर्फ पडतंय तरी बसवतात, खरं आपल्या तंबाखूच्या वखारीत दोन बल्ब आणि एक फॅन. तिथं वाचवायचं काय?"

बरोबर आहे त्याचं. जाड भिंती आणि उंच झरोके ठेवून आपल्या जुन्या लोकांनी विजेची गरजच कमी ठेवली. ते आपल्याला कुणी शिकवायला नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर चौरस मीटरला पंधराएक किलोचा बोजा चढवणंही धोक्याचंच. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं सौर पॅनेलसाठी अनुदान आहे, ते घरांना. वखारवाल्यानं सगळे पैसे स्वतःच घालायचे. त्यामुळे आपले लोक मागं आहेत असं इथं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पण कोल्ड स्टोरेजची गोष्ट वेगळी. बाहेर ऊन तापतं तेव्हाच कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. दुपारी खोल्या एक-दोन अंश जादा थंड करून ठेवल्या तर मिरचीला धक्का लागत नाही आणि संध्याकाळी मशीन उशिरा सुरू होतं. डिमांड चार्जची, म्हणजे युनिटवर नव्हे तर एका वेळी लागणाऱ्या जास्तीत जास्त विजेवरच्या आकाराची, ओळ मात्र बिलात तशीच राहते. पॅनेल विकायला येणारा ती सांगत नाही, आपण विचारायची.

दादाला म्हटलं, आधी पत्रा आणि ट्रस, म्हणजे त्याखालचा सांगाडा, इंजिनिअरला दाखव आणि वर्षाची बिलं पाठव. इतक्या लांब राहून घरच्या धंद्याला माझा एवढा तरी उपयोग होतोय. बिलं कालच व्हॉट्सॲपवर आली. मार्च-एप्रिलची बघितली, आणि एवढं मोठं छप्पर रिकामं ठेवणं मला तरी परवडण्यासारखं दिसत नाही.